हौसेची गाडी, घरचा हिशेब: महागाईत वेगवान गाडी पेलायची कशी

जून महिना होता. मुलीच्या शाळेची पहिल्या सत्राची फी भरून चारच दिवस झाले होते. पहिल्या मोठ्या पावसात, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात माझ्या गाडीचं पुढचं डावं चाक आदळलं आणि काळजात धस्स झालं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात खाली बसून पाहिलं, तर टायरच्या कुशीला अंड्याएवढा फुगा आला होता आणि अलॉय चाकाच्या आतल्या कडेला केसासारखी बारीक चीर. तडा गेलेलं चाक वापरायचं नसतं. दुसऱ्या बाजूचा टायर निम्मा झिजलेला, म्हणून दोन्ही टायर जोडीने बदलावे लागले. चाक, दोन टायर, अलाइनमेंट मिळून ५८,००० रुपये झाले. गाडीचा हप्ता मला जड जात नव्हता, कारण त्याचा हिशेब मी सहा महिने घोटला होता. या ५८ हजारांचा केलाच नव्हता.

हौस चुकीची नव्हती. घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) जागा होतो तो क्षण मला आजही तितकाच आवडतो. पण किराणा, शाळा, सोसायटीचा मेंटेनन्स, आईबाबांची औषधं, सगळंच दरवर्षी वर सरकत असताना अशी गाडी सांभाळायची तर क्रम उलटा लावावा लागतो. आधी तिचा खर्च घरात आणायचा, वर्षभर तो सोसून पाहायचा, आणि मग गाडी आणायची. दुसऱ्या गाडीच्या वेळी मी तो क्रम पाळला. तोच इथे आकड्यांसकट मांडते आहे.

गाडी कोणती, हे आधी नक्की करा

वेगवान गाडी म्हणजे नेमकी किती वेगवान, यावर सगळा हिशेब फिरतो. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाचं दीड लिटरचं टीएसआय टर्बो इंजिन १५० पीएस (अश्वशक्तीचं माप) देतं. ह्युंदाई व्हर्नाचं टर्बो १६० पीएस देतं. या गाड्यांत रोजचं घर चालतं आणि रविवारी सकाळी लवकर निघालात तर मनही भरतं. त्याच्या वर एकदम मोठी उडी आहे. गोल्फ जीटीआय मे २०२५ मध्ये ५३ लाखांना आली, नवी ऑक्टेव्हिया आरएस ऑक्टोबर २०२५ मध्ये ४९.९९ लाखांना, तीही फक्त १०० गाड्या. दोन्ही पूर्ण आयात केलेल्या. बीएमडब्ल्यू एम३४०आयची जुळणी चेन्नईला होते, तरी मार्च २०२१ मध्ये ती आली तेव्हाच ६२.९० लाखांची होती. आणि या सगळ्या एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरायच्या आधीच्या किमती.

ऑन-रोड किमतीत महाराष्ट्र आणखी भर घालतो. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के रोड टॅक्स आहे. आयात केलेली गाडी किंवा कंपनीच्या नावावर घेतलेली गाडी असेल तर सरळ २० टक्के. म्हणजे ५३ लाखांच्या गाडीवर साडेदहा लाखांहून जास्त नुसता टॅक्स, एवढ्यात एक चांगली नवी हॅचबॅक येते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची फेररचना झाली तेव्हा मोठ्या गाड्यांवरचा सेस जाऊन सरसकट ४० टक्के दर आला. त्याने थोडा दिलासा मिळाला, पण या वर्गातल्या गाडीचं गणित त्याने बदलत नाही. नवी गाडी १० लाखांच्या वरची असेल तर विक्रेता किमतीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतो. तो तुमचाच पैसा आहे, आयकर विवरणपत्रात वळता करून घ्या. बरेच जण विसरतात.

माझं स्पष्ट मत: पगारदार माणसाने या वर्गातली गाडी तीन-चार वर्षं वापरलेली घ्यावी. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना एक ते दोन वर्षं जुन्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४० टक्के घसारा धरतात. बाजारभाव याच पट्ट्यात असतो असं नाही, मागणी असलेली गाडी कमी उतरते. पण सर्वांत मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि रोड टॅक्सही त्यानेच भरलेला असतो.

एक मोह मात्र टाळा. २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून आलेली अबार्थ पुंटो, १४५ बीएचपी, तेव्हा ९.९५ लाखांना. आजही दिसली की मान वळते, आणि जुन्या बाजारात ती स्वस्त वाटते. पण फियाटने इथली विक्री थांबवून बरीच वर्षं झाली आहेत. घरात रोजची दुसरी गाडी आणि ओळखीचा पक्का मेकॅनिक असेल तरच त्या वाटेला जा.

पुढच्या हिशेबासाठी एक गाडी धरू: चार वर्षं जुनी, दोन लिटर टर्बो पेट्रोल सेडान, किंमत २६ लाख.

दुसरा हप्ता

बँकेचा हप्ता सगळे मोजतात. गाडी स्वतः दर महिन्याला मागते तो दुसरा हप्ता कागदावर येत नाही, आणि नेमका तोच घर हलवतो. वर्षाला १२,००० किलोमीटर धरून तो बांधू या.

पेट्रोल. पुण्या-मुंबईच्या रहदारीत अशी गाडी लिटरला ९ किलोमीटर देते असं धरा. कंपनीचा आकडा बघू नका. सिंहगड रोडवर संध्याकाळी सात वाजता तो आकडा लागू होत नाही. टर्बो इंजिनाला ९५ ऑक्टेनचं पेट्रोल लागतं का, हे पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, गाडी बघायला जाल तेव्हा ते झाकण उघडून वाचा. प्रीमियम पेट्रोल साध्यापेक्षा महाग असतं. हिशेबापुरता ११० रुपये लिटर धरला तर वर्षाला १,३३३ लिटर, साधारण १ लाख ४७ हजार. महिन्याला १२,२००.

विमा. २२ लाखांच्या आसपास आयडीव्ही (विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत), झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारं कवच) आणि इंजिन संरक्षण घेऊन वर्षाला ६५,००० धरा. महिन्याला ५,५००. झिरो डेप सोडू नका, कारण साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरी भागांचे निम्मेच पैसे मिळतात आणि या गाड्यांचा पुढचा बंपर म्हणजे जवळजवळ सगळा प्लास्टिकच.

सर्व्हिस. इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल वर्षाला, स्पार्क प्लग आणि गिअरबॉक्सचं ऑइल काही वर्षांनी. ओल्या क्लचच्या डीएसजीत (फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ६० हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं असतं. ते टाळून विकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. महिन्याला ३,२०० बाजूला.

टायर. १८ इंची, बुटक्या कुशीचे, चांगल्या कंपनीचे चार टायर ७०,००० च्या घरात जातात आणि आपल्या रस्त्यांवर ३०,००० किलोमीटर टिकले तर नशीब समजा. महिन्याला २,३००. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड यांसाठी १,००० वेगळे. टोल, पार्किंग, धुणं यांना २,५००. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा कारचा एका बाजूचा टोल एप्रिल २०२३ पासून ३२० झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना आलेला फास्टॅग वार्षिक पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो, या मार्गावर नाही.

राहिला माझ्या जूनच्या महिन्याचा धडा. अचानक निघणाऱ्या कामांसाठी महिन्याला ५,००० ठेवायचे. फुगा आलेला टायर, उंदराने कुरतडलेली वायर, फुटलेला इंटरकूलरचा होस, बिघडलेला सेन्सर. कोणतं काम कधी निघेल ते सांगता येत नाही, पण वर्षात एक तरी निघतंच.

बेरीज ३१,७०० रुपये महिना. गाडीचं एक रुपयाही कर्ज नसताना. तुमची गाडी दीड लिटरची असेल तर हा आकडा बराच खाली येतो, कारण टायर स्वस्त, सुटे भाग इथलेच आणि विम्याची रक्कमही लहान. म्हणून तुमच्या गाडीचे भाव स्वतः काढा. टायरच्या दुकानात माप सांगून भाव विचारा, विम्याचं कोटेशन गाडीच्या नंबरवरून मिळतं, आणि सर्व्हिसचा दर अधिकृत केंद्रातही कळतो नि बाहेरच्या गॅरेजमध्येही. एका शनिवारी होणारं काम आहे.

आता घर कागदावर मांडा

एक नमुन्याचं घर घेऊ. पुण्यातलं, दोघंही नोकरीत, शाळेत जाणारं एक मूल. हातात येणारा दोघांचा पगार मिळून २ लाख ४० हजार. घराचा हप्ता ५८,०००. किराणा, दूध, भाजी, गॅस २४,०००. मेंटेनन्स, वीज, इंटरनेट ९,५००. शाळेची फी वर्षाला १ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला १५,०००. आरोग्य आणि मुदत विमा ७,०००. आईवडिलांना १५,०००. एसआयपी ३०,०००. स्वयंपाकाच्या आणि कामाच्या मावशी ९,०००. सध्याची छोटी गाडी ८,०००. सणवार, लग्नकार्य, प्रवास, दवाखाना यांची वर्षाची सरासरी महिन्याला १२,०००. एकूण १ लाख ८७ हजार ५००. उरतात ५२,५००.

यातला शेवटचा आकडा लोक सर्वांत खोटा लिहितात. गणपतीत गावी जाणं, दिवाळीची खरेदी, भाचीच्या लग्नातला आहेर, दाढेचं रूट कॅनल हे ‘या वर्षी जरा जास्तच झालं’ म्हणून दरवर्षी होतं. बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट उघडा आणि एकेक ओळ वाचा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा अंदाज आणि खरा खर्च यांत महिन्याला साडेसहा हजारांची तफावत निघाली.

आता या घराकडे डाउन पेमेंटसाठी १२ लाख वेगळे साठलेले आहेत असं समजू. सहा महिन्यांच्या घरखर्चाचे ११ लाख याशिवाय मुदत ठेवीत असायला हवेत, त्यांना गाडीसाठी हात लावायचा नाही. हिंजवडी-खराडीतल्या आयटी नोकऱ्यांचं काय झालं ते गेल्या दोन-तीन वर्षांत आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

२६ लाखांतून १२ गेले, १४ लाखांचं कर्ज. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्यापेक्षा चढा असतो, ११ टक्के धरू. चार वर्षांसाठी हप्ता ३६,२००. त्यात दुसरा हप्ता ३१,७०० मिळवला की ६७,९००. सध्याची छोटी गाडी विकली, तिचे ८,००० वाचले, तरी नवा बोजा ५९,९००. हातात ५२,५००. महिन्याला सात हजार चारशेची तूट.

बहुतेक जण इथेच एसआयपी कमी करतात किंवा कर्ज सात वर्षांचं करतात. दोन्ही करू नका. या घराला गाडी मिळू शकते, वेगळ्या मार्गाने.

वर्षभराची रंगीत तालीम

एक नवं बचत खातं उघडा. त्याचं डेबिट कार्ड घेऊ नका, यूपीआयला जोडू नका. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ५२,५०० रुपये आपोआप तिकडे जातील अशी बँकेला सूचना द्या. गाडी घरात आली आहे आणि तिचा खर्च सुरू झाला आहे असं समजून बारा महिने जगा.

बाराच महिने का? कारण आपल्याकडे प्रत्येक महिन्याचा खर्च वेगळा असतो. जूनमध्ये शाळा, छत्र्या, दप्तरं. भाद्रपदात गणपती. मग दिवाळी. हिवाळ्यात लग्नं. मार्चमध्ये करबचतीची धावपळ. तीन महिन्यांची तालीम केली आणि ते तीन महिने जानेवारी ते मार्च असले, तर गणपती-दिवाळीची परीक्षा झालीच नाही.

त्या खात्यातून पैसे काढावे लागले तर काढा, पण घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल खूण करा. वर्षात एक-दोन खुणा चालतील. चार-पाच झाल्या तर गाडी तुमच्या घराच्या मापाची नाही, एक पायरी खालची बघा. हे नवरा-बायको दोघांनी मिळून करायचं आहे. माझ्या नवऱ्याला गाडी म्हणजे चार चाकं आणि एसी, एवढंच. पण कॅलेंडर त्याने सांभाळलं, आणि वर्षाअखेर ‘घेऊ या’ हे त्याच्या तोंडून आलं. घरातल्या एकाच्या मनाविरुद्ध आलेली गाडी प्रत्येक बिलाच्या वेळी भांडण काढते.

आकडे आता कुठे जातात पाहा. बारा महिन्यांत त्या खात्यात ६ लाख ३० हजार जमले. डाउन पेमेंट १८ लाख ३० हजार, कर्ज फक्त ७ लाख ७० हजार. हप्ता १९,९००. दोन्ही हप्ते मिळून ५१,६००, जुन्या गाडीचे ८,००० वजा केले तर बोजा ४३,६००. उरतात ८,९००. जिथे तूट होती तिथे शिल्लक आली, एसआयपीला धक्का न लावता. शिवाय जी गाडी डोळ्यापुढे होती ती वर्षभरात आणखी थोडी उतरलेली असते. ती उतरंड मी हिशेबात धरलेली नाही.

पुढची चाचणी महागाईची. कर्ज, एसआयपी आणि गाडी सोडून या घराचा खर्च ९१,५०० आहे. तो वर्षात ८ टक्क्यांनी वाढला आणि पगार तिथेच राहिला, तर ७,३०० आणखी जातील. ८,९०० मधून १,६०० उरतील. म्हणजे पगारवाढीशिवाय एक वर्ष हे घर गाडी तारून नेतं, दुसऱ्या वर्षी नाही. हे आधी माहीत असलेलं बरं. तेव्हा काय कमी करायचं तेही आताच लिहून ठेवा. आमच्या कागदावर लिहिलं होतं: सलग दुसऱ्या वर्षी पगारवाढ नाही, तर गाडी विकायची.

कर्ज घेताना

मुदत चार वर्षं, फार तर पाच. २० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडलं तर व्याज ४ लाख ९१ हजार, सात वर्षांत ७ लाख ३ हजार. सात वर्षांच्या कर्जात आणखी एक धोका असतो: मधली दोन-तीन वर्षं गाडीच्या बाजारभावापेक्षा कर्ज जास्त राहू शकतं. तेव्हा गाडी विकायची वेळ आली तर खिशातून भर घालून विकावी लागते.

‘फ्लॅट ७ टक्के’ ऐकलं की थांबा. फ्लॅट दरात व्याज सगळ्या मुदतभर मूळ रकमेवर लागतं. १४ लाखांवर चार वर्षं फ्लॅट ७ टक्के म्हणजे हप्ता ३७,३०० च्या पुढे. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजला तर दर साडेबारा टक्क्यांहून जास्त निघतो. दर विचारताना नेहमी विचारा, ‘रिड्यूसिंगवर किती?’

गृहकर्जाचा टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर घेतलेलं वाढीव कर्ज, हा सर्वांत गोड वाटणारा मार्ग, आणि मला सर्वांत घातक वाटतो. ८ लाख साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले तर हप्ता फक्त ७,९००. हलका वाटतो. पण व्याज ६ लाख १८ हजार जातं. तेच ८ लाख गाडीच्या कर्जावर ११ टक्क्यांनी चार वर्षांत फेडले तर व्याज १ लाख ९२ हजार. दर कमी, व्याज तिप्पट, आणि गाडी भंगारात गेल्यावरही तुम्ही तिचे पैसे फेडत असाल. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला, त्यातून तुमच्या गृहकर्जाला जो फायदा झाला तो मुदत कमी करण्यातच राहू द्या.

मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती शुल्क, हे सही करण्याआधी लेखी घ्या. बोनस आला की पहिला हात इथेच मारायचा आहे.

गाडी बघायला गेल्यावर

सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्यांनी इंजिन आधीच फिरवलं आहे, दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले दहा सेकंद बरंच सांगून जातात: साखळीची खळखळ, निळसर धूर, आयडलिंगला थरथर.

मग खाली बसा. टायरच्या कुशीवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच सुमाराचे आहेत का पाहा. जो माणूस २५ लाखांच्या गाडीला चार तऱ्हेचे टायर घालतो, त्याने ऑइलही वेळेवर बदललेलं नसतं, हा माझा अनुभव. चाकाच्या फटीतून ब्रेक डिस्कच्या बाहेरच्या कडेला नख लावा. ठसठशीत ओठ लागला तर डिस्क संपत आली आहे. तेवढे पैसे किमतीतून उतरवून घ्या.

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नका. खालची प्लॅस्टिकची ढाल फाटलेली, ऑइल चेंबरला खरवडल्याच्या खुणा, सस्पेन्शनच्या रबरी बुशना पडलेल्या भेगा, सगळं खालूनच दिसतं. स्वतःचा मेकॅनिक न्या. त्याची फी आणि ओबीडी स्कॅनरचा (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र) तासाभराचा वेळ हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत वसूल होणारा खर्च. पेंटची जाडी मोजायचं छोटं यंत्रही मिळतं, एका दारावर आकडा दुप्पट आला तर ते दार रंगवलेलं आहे.

आणि थेट विचारा: रिमॅप केली होती का, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललं होतं का? या गाड्यांत स्टेज-१, म्हणजे त्यातली पहिली पायरी, करणारे खूप असतात. विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात, पण टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्सने सोसलेला जादा टॉर्क परत जात नाही. मालक मोकळेपणाने सांगत असेल आणि गिअरबॉक्सच्या ऑइलची बिलं दाखवत असेल तर मी घेईन. टाळाटाळ करत असेल तर नाही. सर्व्हिसचा इतिहास कंपनीच्या अधिकृत केंद्रात चासी नंबरवरून पडताळा. मीटरवर ३८,००० आणि दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत ५२,००० असं निघाल्याची गाडी मी स्वतः सोडून आले आहे.

सुक्या क्लचची सात गिअरची डीएसजी असेल तर रहदारीत अर्धा तास चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के बसले, चढावर थबकली, तर पुढे जाऊ नका.

कागद आणि विमा

गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. परिवहनच्या संकेतस्थळावर थकीत चलनं पाहा. द्रुतगती मार्गावर कॅमेरे लागल्यापासून वेगवान गाड्यांवर चलनांची रास असते आणि ती भरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. दुसऱ्या राज्यातली, विशेषतः दिल्लीची गाडी स्वस्त दिसते. तिथल्या आरटीओची एनओसी आणून महाराष्ट्राचा टॅक्स भरल्यावर तो स्वस्तपणा किती उरतो, ते आधी मोजा.

विमा मालकीसोबत चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. उलट तुमची छोटी गाडी विकताना तुमचा स्वतःचा बोनस सोडू नका. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं (एनसीबी) पत्र घ्या आणि नव्या गाडीला लावा. पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट बसते.

शर्यतीच्या ट्रॅकवर जायची इच्छा असेल, आणि अशी गाडी घेतल्यावर ती होतेच, तर पॉलिसी वाचा. शर्यत आणि वेगाची चाचणी यांतलं नुकसान साध्या विम्यात धरत नाहीत. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर भिंतीला घासलेली गाडी स्वतःच्या पैशाने दुरुस्त होते. तरीही माझं म्हणणं, वर्षातून एकदा जाच. तिथले ब्रेक पॅड, टायर, प्रवास धरून वेगळी रक्कम साठवा. गाडीची खरी ताकद बघायची जागा तीच. बोरघाटात साठची मर्यादा आहे आणि समोर भरलेले ट्रक असतात.

घरी आणल्यावर

छोटी गाडी विकून आलेले पैसे पहिल्याच महिन्यात नव्या गाडीत जाऊ द्या: सगळी ऑइलं, फिल्टर, ब्रेक ऑइल, अलाइनमेंट, आणि टायरची तारीख जुनी असेल तर टायर. पावसाळ्याआधी सनरूफची पाणी जायची भोकं साफ करून घ्या, नाहीतर छताच्या कापडाला डाग पडतो. हवा दर पंधरा दिवसांनी, थंड टायरमध्ये, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. माझा फुगा आला तेव्हा त्या चाकात सहा पीएसआय हवा कमी होती, हे मला नंतर कळलं.

ते वेगळं खातं मोडू नका. आता त्यात महिन्याला ३१,७०० जातील आणि पेट्रोल सोडून गाडीचं प्रत्येक बिल तिथूनच भरलं जाईल. पेट्रोलसाठी महिन्याच्या सुरुवातीला १२,२०० त्याच खात्यातून वेगळे काढा. संपले तर उरलेले दिवस मेट्रो. चार वर्षांनी बँकेचा हप्ता संपेल तेव्हाही ही सूचना चालू ठेवा. तेव्हा गाडी आठ वर्षांची असेल, आणि सस्पेन्शनचे बुश, पाण्याचा पंप, टर्बोचे होस आणि क्लच ही मोठी कामं त्याच सुमाराला निघतात.